आम्ही बावीस जण आणि नागपूरचं चर्च

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या काळात सहलीच्या निमित्ताने किल्ले, लेणी, देवळं पुष्कळ झाली, पण खरं सांगायचं तर त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. मास्तर सहलीला जातो तेव्हा त्याने वास्तू पाहायची नसते, पोरं मोजायची असतात. निवृत्त झालो, हिंगणघाट सोडून वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत घर बांधलं, तेव्हा ठरवलं होतं की आता निवांतपणे एकेक जागा पाहायची. पहिली दोन वर्षं घराचं छत गळतं कुठून ते शोधण्यात गेली. तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने नागपूरचं जुनं दगडी चर्च पाहायला जायचं काढलं, आणि मी सगळ्यांत आधी नाव दिलं.

मंडळाच्या सहली तोवर देवळांनाच जात. या वेळी आमच्या अध्यक्षांनी बैठकीत जाहीर केलं, की देवदर्शन पुरे, आता 'वारसा दर्शन'. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर कालव्याचं पाणी सोडलं आणि अडवलं, त्यामुळे कुठल्याही विषयाचं पाणी कुठे सोडायचं हे आपल्यालाच कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. नागपुरात इतक्या जागा असताना चर्चच का, असं कोणी विचारलं नाही. पुढे कळलं, की त्यांच्या मुलीचं घर चर्चपासून दोनच गल्ल्यांवर आहे आणि तिला तुरीच्या डाळीचं पोतं पोचवायचं होतं.

माझी मोठी बहीण त्या आठवड्यात डोळे तपासायला नाचणगावहून आमच्याकडे आली होती. तिला आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. उभा जन्म शेतीत गेलेला. ती म्हणाली, "मी बी येतो. चर्चात कोणता देव राह्यते थे तरी पाह्यतो."

माझी बायको म्हणाली, "देव पाहायला नाही बाई, इमारत पाहायला चाललो आहोत."

"इमारत? वर्ध्यात काय इमारती नाई काय?"

बाईचं नाव घातलं आणि आम्ही बावीस झालो.

शनिवारी सकाळी बस निघाली. सेलूला आलूबोंडे झाले. बुटीबोरीला अध्यक्षांनी बसमध्ये उभं राहून माहिती द्यायला सुरुवात केली. एकाने विचारलं, की चर्च आणि कॅथेड्रल यांत फरक काय. अध्यक्ष म्हणाले, "सोपं आहे. चर्च म्हणजे तालुका, कॅथेड्रल म्हणजे जिल्हा मुख्यालय. तिथे त्यांचा बिशप बसतो. आपला कलेक्टर बसतो तसा." मी चार पुस्तकं चाळून चार पानं टिपणं काढून आणली होती, आणि वाईट याचं वाटलं, की अध्यक्षांचं उत्तर जवळजवळ बरोबर होतं.

डाळीचं पोतं उतरवून आम्ही चर्चपाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मोठी जुनी झाडं, आत काळसर दगडाची उंच इमारत, वर मनोरा. सगळ्यांनी आधी फोटो काढले. मग दाराशी चपला काढल्या. तिथला चौकीदार धावत आला. "राहू द्या साहेब, इथे चपला चालतात."

"तुमच्याकडे चालत असतील," अध्यक्ष म्हणाले, "आमच्या संस्कारात बसत नाही."

मग बावीस जोड पायरीच्या दोन्ही बाजूंनी रांगेत लागले. आमच्यामागून दोन म्हातारे गृहस्थ आले, चांगले सुटाबुटातले, नेमाने इथे येणारे दिसत होते. त्यांनी चपलांची रांग पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांनीही मुकाट्याने बूट काढले.

आत गेल्यावर सगळ्यांच्या माना वर झाल्या. उंच लाकडी छत, रंगीत काचांतून आलेलं तांबडंनिळं ऊन, पायाखाली गार फरशी. उजवीकडच्या बाकांवर दहाबारा माणसं बसली होती. नागपूरचे लोक आपली वास्तू पाहायला सुटीच्या दिवशी येतात, हे पाहून मला बरं वाटलं. डावीकडची पुढची सगळी बाकं मोकळी होती. एसटीत खिडकीची जागा पकडायची सवय असलेली आमची माणसं झपाझप जाऊन बसली.

समोर टेबलावर एका माणसाचा मोठा फोटो होता. त्याला पांढऱ्या फुलांचा हार, बाजूला मेणबत्त्या.

"हे संस्थापक," अध्यक्ष आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले.

मी चष्मा पुसून पाहिलं. संस्थापकांनी अर्ध्या बाह्यांचा टेरिकॉटचा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं होती आणि मनगटावर काट्यांऐवजी आकडे दाखवणारं घड्याळ होतं. ज्या इमारतीच्या भिंतीवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तापाने मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या संगमरवरी पाट्या होत्या, तिचा हा संस्थापक. मी इतिहासाचा मास्तर. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण अध्यक्षांना चारचौघांत खोडून काढणं म्हणजे पुढचे सहा महिने मंडळात फक्त सतरंज्या घालणं, हे मला ठाऊक होतं. टिपणांची पानं खिशात खोल सरकवली.

एवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. अध्यक्षांच्या कानातलं यंत्र अशा वेळी शिट्टी मारतं, म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवलं. पांढऱ्या झग्यातले पाळकसाहेब पुढे आले आणि शांत मराठीत म्हणाले, की आपले एक बंधू, रेल्वेचे निवृत्त तिकीट तपासनीस, यांना प्रभूने बोलावून घेतलं त्याला आज चाळीस दिवस झाले, आणि आपण त्यांच्या स्मरणार्थ जमलो आहोत.

बायकोने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी उठणारच होतो. "अहो, हे मयतीचं आहे!"

"माहीत आहे."

"मग चला ना बाहेर!"

मी मागे पाहिलं. मधल्या वाटेवरून बाहेर जायचं म्हणजे बावीस अनवाणी माणसांनी फोटोतल्या माणसाला पाठ दाखवून निघून जायचं. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मंडळात कोणातच नव्हतं. सगळे माना खाली घालून बसले. फक्त अध्यक्ष ताठ मानेने समोर पाहत होते, कारण त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

आता प्रश्न उठण्याबसण्याचा आला. प्रार्थनेत कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं याचा नियम असतो, तो आम्हाला माहीत नव्हता. उजवीकडे पहिल्या बाकावर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी होती, गळ्यात छोटा क्रूस. आम्ही तिच्यावर नजर ठेवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे कोणी काही बोललं नाही, नजरानजर झाली. ती उठली, आम्ही बावीस उठलो. ती बसली, आम्ही बसलो. काही वेळाने ती पुन्हा उठली, आम्हीही उठलो. पण बाकीचे सगळे बसलेले, आणि पाळकसाहेब पुस्तकातून वाचता वाचता चष्म्यावरून आमच्याकडे पाहत होते. म्हातारी बसली. आम्ही बसलो. दोन मिनिटांनी सगळं चर्च उभं राहिलं, म्हातारी मात्र गुडघा धरून बसून राहिली. आम्हीही श्रद्धेने बसून राहिलो.

गाणं सुरू झालं तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. पेटी होती, चाल थेट आपल्या भजनाची. बाईने पहिल्याच ओळीनंतर टाळीचा ठेका धरला. ठेका इतका नेमका होता, की पेटीवाल्याने मान डोलावली. माझ्या कानात ती म्हणाली, "हे त आपलंच व्हय रे! मंग सांगतलं काऊन नाई?"

मग पाळकसाहेबांनी विचारलं, की आपल्या या बंधूंविषयी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का.

कोणी उठलं नाही. उजवीकडची दहाबारा माणसं फरशीकडे पाहत होती. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. एक जण खोकला. मला त्या मोकळ्या माईककडे पाहून भीती वाटायला लागली, कारण तो अध्यक्षांनाही दिसला होता. बोलणाऱ्याविना माईक उभा असणं त्यांना सहनच होत नाही. कॉलनीत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो की कोणाच्या नातवाचं बारसं, माईक मोकळा दिसला की ते जातात. मी त्यांचा सदरा धरला. त्यांना वाटलं, मी त्यांना पुढे जा म्हणतोय. मान हलवून ते गेले.

"उपस्थित बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "आम्ही वर्ध्याहून खास आलो. या महापुरुषाने," आणि हात फोटोकडे केला, "जे काम उभं केलं, ते पाहून मी थक्क झालो. मी स्वतः बांधकामातला माणूस आहे. सांगतो, पाया किती पक्का! आज कोणी असं काम करतं का? सिमेंट खाणारे लोक आहेत. यांनी एका दगडाचीही तडजोड केली नाही. ऊन, पाऊस, भूकंप, काही येवो, हे हलणार नाहीत. आणखी शंभर वर्षं असेच उभे राहतील!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दिसलं, की उजवीकडची माणसं माना हलवत होती. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "खरं आहे, तडजोड नव्हतीच." पहिल्या बाकावरची म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. बायको पुटपुटली, "रडवलं बिचारीला!"

प्रार्थना संपली. सगळे बाहेरच्या ओसरीत आले. तेवढ्यात ती म्हातारी एका पन्नाशीच्या माणसाचा हात धरून सरळ माझ्याकडे आली. तो तिचा मुलगा होता, आणि ती फोटोतल्या तिकीट तपासनिसांची बायको. मला हात जोडून म्हणाली, "तुमी वर्ध्याहून आले काय, यांच्यासाठी?"

खरं बोलायला एक क्षण पुरला असता. पण समोर पांढऱ्या साडीतली विधवा उभी, आणि आम्ही चाळिसाव्याला फोटो काढत आलेले लोक. मी म्हणालो, "हो. म्हणजे, वर्ध्याला सगळे ओळखायचे त्यांना."

"असं?"

"फार मनमिळाऊ माणूस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. त्याच वेळी माझ्या मागे फडफड झाली. मंडळाच्या दोघा सभासदांनी फोटोसाठी आणलेला फ्लेक्स पायरीवर उलगडला होता. त्यावर लाल अक्षरांत 'वारसा दर्शन सहल', खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात कोणीतरी इंटरनेटवरून उचललेलं चर्चचं चित्र. ते चर्चही नागपूरचं नव्हतं, मागे बर्फ दिसत होता.

म्हातारीने फ्लेक्स वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. इतकी वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं, त्यांचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"माफ करा," मी म्हणालो. "आम्ही चर्च पाहायला आलो होतो. आत बसल्यावर कळलं. उठायची हिंमत झाली नाही."

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"भाऊ, मी पाय आखडला म्हणून उठली, तर इकडून बावीस लोक उठले! मी म्हटलं, पाहू तरी. म्हणून पुन्हा उठली. पुन्हा बावीस!" आणि ती हसायला लागली. "आणि दुसरं सांगू का? यांच्यासाठी बावीस लोक येतील, असा यांचा स्वभावच नव्हता. मनमिळाऊ! अरे देवा! सख्ख्या मेहुण्याला यांनी विनातिकीट धरलं होतं. माझ्या भावाला! आमच्याच पोराच्या बारशाला येत होता तो."

मुलगा म्हणाला, "आई, हळू. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. चाळीस दिवस झाले, घरात कोणी हसलं नाही."

बाई पुढे सरली. तिने त्या म्हातारीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "गुडघा लय दुखते काय वो माय?" दोघी पायरीवर बसल्या आणि गुडघ्यांविषयी बोलायला लागल्या. नागपूरचा डॉक्टर काय म्हणाला, सावंगीच्या इस्पितळातला काय म्हणाला, निर्गुंडीचं तेल बरं की एरंडाचं. दहा मिनिटांत त्या जणू एका गल्लीत वाढल्या होत्या.

मग जेवायचं निघालं. मुलाने हौसेने पन्नास पानांचं सांगून ठेवलं होतं. आई म्हणत होती, की बारा पुरेत. "आता तुमी आलेच आहात तर बसा," ती म्हणाली, "नाईतर हा पोरगा मले आठवडाभर मसालेभात खाऊ घालते."

इथे आमच्या मंडळाची खरी परीक्षा झाली. चर्चच्या आवारात, चाळिसाव्याचं जेवण. दोनचार जण घुटमळले. एक म्हणाले, की आपण फक्त पाहायला आलो होतो. दुसऱ्यांनी आठवण दिली, की आज त्यांचा शनिवार आहे. तिसऱ्यांनी मुलाला हळूच विचारलं, की सगळं शाकाहारीच आहे ना. मग वांग्याच्या भाजीचा वास आला. ज्यांचा शनिवार होता ते पहिल्या पंगतीला बसले आणि बुंदी तीनदा मागून घेतली. अध्यक्षांनी संयोजकांचे आभार मानले. इतकी चांगली व्यवस्था कुठल्याच प्रेक्षणीय स्थळी पाहिली नाही, असं ते पाळकसाहेबांना म्हणाले. पाळकसाहेबांनी नम्रपणे मान लववली.

जेवणानंतर आम्ही निघायला लागलो तर म्हातारीने अडवलं. "चर्च पाहायला आले होते ना? मग न पाहता कसे जाता? चला."

आणि काठी टेकत तिने आम्हाला चर्च दाखवलं. साठ वर्षं ती इथे येत होती, नवरा लग्नाआधीपासून. पण ती दाखवत होती ते कुठल्याच पुस्तकात नसणार. "हा पंखा पाहा. याच्या आवाजावरून यांनी तीन पाळकांशी भांडण केलं. हा बाक कुरकुरते. सुतार आणा, म्हणून चार अर्ज दिले, शेवटी स्वतः खिळा ठोकला. आता जास्त कुरकुरते." एका खिडकीतल्या देवदूताच्या पंखाचा तुकडा साध्या निळ्या काचेचा होता. "वादळात फुटली होती. हे म्हणत, रंग जुळत नाही, दुसरी आणा. वीस वर्षं दर रविवारी इथंच बसून त्या काचेकडे रागानं पाहत."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी यांच्याकडे पाहत होती," ती म्हणाली. "रागानंच."

मग ती थोडा वेळ त्या खिडकीखाली उभी राहिली. निळ्या काचेतलं ऊन तिच्या साडीवर पडलं होतं. कोणी फोटो काढला नाही. आमच्या मंडळाच्या बाबतीत हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

संगमरवरी पाट्यांपाशी मी पुढे झालो. निदान इथे तरी मास्तरकी करावी, म्हणून एक पाटी वाचून अर्थ सांगितला. कोणी एक गोरा, चोवीस वर्षांचा, इथे येऊन पाचव्या महिन्यात तापाने गेला, आईने पाटी लावली. बाईने विचारलं, "त्याची माय आलती काय इथं कधी?" मला माहीत नव्हतं. पाटीवरही नव्हतं. म्हातारी म्हणाली, "कुठून येते? बोटीचे दिवस." दोघींनी त्या पाटीवरून हात फिरवला आणि पुढे गेल्या. मी टिपणांची पानं खिशातून काढलीच नाहीत.

निघताना बायकोने बसमधून वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणून म्हातारीला दिला. खरं तर तो अध्यक्षांच्या मुलीसाठी घेतला होता आणि डाळीच्या गडबडीत द्यायचा राहिला होता. म्हातारीने फोन नंबर लिहून घेतला, तोही माझा नाही, बाईचा.

बसमध्ये अर्धा तास वाद झाला. कोणी म्हणे सहल फुकट गेली, कोणी म्हणे पुण्य लागलं, कोणी म्हणे घरी गेल्यावर अंघोळ करावी लागेल. बाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "तीन खेपा बुंदी खाल्ली तवा अंगोय आठवली नाई काय?" त्यानंतर अंघोळीचा विषय निघाला नाही.

अध्यक्षांनी कानातलं यंत्र पुन्हा लावलं होतं. त्यांना सांगायचं कोणी, यावर सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. फोटो कोणाचा, कार्यक्रम कसला, भाषण कोणापुढे. ते ऐकत राहिले. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. बुटीबोरी गेली. सेलू जवळ आलं तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्हाले केव्हा कळलं?"

या तीन वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच कागदी मराठी सोडून बोलले.

"फोटो पाहिला तेव्हाच. घड्याळावरून."

"मंग बोलले काऊन नाई?"

मी सतरंज्यांचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यासाठी तरी बावीस जमतील का हो?" मी म्हणालो, जमतील की. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मी खरं बोलतोय की नाही ते त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं.

नाताळात त्या म्हातारीचा बाईला फोन आला, की या. बाईने आम्हाला कळवलं. बावीसपैकी नऊ जण गेलो, अध्यक्षही आले, फ्लेक्स न घेता. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही ओसरीत खांबाला टेकून उभे राहिलो. आतली गाणी ऐकली, कोणीतरी कागदात गुंडाळून केकचे तुकडे दिले ते खाल्ले. गर्दीत म्हातारी दिसली ती फक्त एकदा, लांबून. तिने काठी उंच करून दाखवली. बाईने हात हलवला. मग आम्ही चारच्या गाडीने वर्ध्याला परत आलो.